निकाल लागला, पण फोनवर काय बदललं?

वाटसरू
५ ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती अमित मेहता यांनी निकाल दिला की गुगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी तिने कायदा मोडला. आपलं सर्च फोनवर आणि ब्राउझरवर आधीपासूनच बसवलेलं असावं, म्हणून एकट्या २०२१ सालात गुगलने २६ अब्ज डॉलरहून जास्त पैसे वाटले होते. हे सगळं पुराव्यानिशी सिद्ध झालं. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, उपाय ठरवायची वेळ आली. गुगलला तिचा क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही. पैसे देणंही बंद केलं नाही. ‘फक्त आमचंच ठेवा’ असे करार करता येणार नाहीत आणि शोधाचा काही डेटा प्रतिस्पर्ध्यांना द्यावा लागेल, एवढ्यावर भागलं.

ज्या पैशाने दार लावून घेतलं, तो पैसा पुढेही वाटायची मोकळीक राहिली. मला हे अजिबात पटत नाही.

आपल्याकडे वेगळं काय झालं? फोन चालवणाऱ्या गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीविरुद्धची तक्रार २०१८ ची. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला १३३७.७६ कोटींचा दंड ठोकला, सोबत दहा निर्देश दिले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. आधीपासून बसवलेली अ‍ॅप काढून टाकता आली पाहिजेत, हा त्यातलाच एक. दंड सरकारी तिजोरीत जातो, माझ्या हातातल्या फोनवर त्याने काही फरक पडत नाही. निर्देशांनी पडतो, आणि छाटले गेले ते निर्देशच. म्हणून माझं म्हणणं आहे की निकाल दंडाच्या आकड्यावर तोलू नये. फोनवर काय बदललं आणि किती वर्षांनी बदललं, ते बघावं.

हिशेबनीस
तुमची तळमळ कळते, पण मांडणी एकतर्फी आहे. गुगलचं सर्च दर्जाने सरस आहे, हे त्याच निकालपत्रात मेहतांनीच मान्य केलंय. पैसे बंद केले नाहीत त्यालाही कारण दिलंय. फायरफॉक्स बनवणारी मोझिला याच पैशावर तगून आहे, उद्या तो बंद झाला तर आधी छोटा मरेल. शिवाय अँड्रॉइड फुकट मिळालं नसतं तर सात-आठ हजारांत स्मार्टफोन गावोगाव पोचला असता का?

आणखी एक बघा. फेसबुकवाल्या मेटावर अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये खटला भरला, कारण २०१२ ला इन्स्टाग्राम आणि २०१४ ला व्हॉट्सअ‍ॅप विकत घेऊन तिने स्पर्धाच संपवली असा आरोप होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती बोसबर्ग यांनी मेटाच्या बाजूने निकाल दिला, कारण मधल्या काळात टिकटॉक आणि यूट्यूबने बाजारच पालटून टाकला होता. बाजार कोर्टापेक्षा आधी हलतो. कोर्टाने कंपन्यांची मोडतोड करायला घेतली तर चूक सुधारायला वीस वर्षं जातील.

वाटसरू
मेटाच्या खटल्याने तर माझंच म्हणणं सिद्ध होतं. २०१२ ला इन्स्टाग्रामचा सौदा तपासून सोडून देणारा अमेरिकी आयोग आठ वर्षांनी जागा झाला. आणखी पाच वर्षं सुनावणीत गेली. कोर्टाने आजचा बाजार बघितला आणि आज मक्तेदारी दिसत नाही म्हणून सोडलं. मधल्या काळात जे उगवायच्या आधीच गिळले गेले, त्यांची मोजणी कोण करणार?

दर्जाचंही ऐका. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर तिचंच बिंग हे सर्च आधीच बसवलेलं असतं. तिथले ८० टक्के शोध बिंगवर होतात, हा आकडा मेहतांच्या निकालातच आहे. दर्जाच सगळं ठरवत असता तर तिथेही माणसं गुगलकडे वळली असती. माणूस समोर असेल ते वापरतो.

सांगलीचा दुकानदार
हे शेवटचं वाक्य मी रोज काउंटरवर बघतो. माझं मोबाइलचं दुकान आहे. आयोगाच्या आदेशानंतर नव्या फोनवर सर्च कुठलं हवं ते विचारणारी पाटी यायला लागली. गिऱ्हाईक पिशवीतून जुना फोन काढतं, सिम बदलायला देतं आणि म्हणतं, “तुम्हीच करून द्या ओ, मला कळत नाही.” रांगेत चौघे उभे असतात. मी अंगठ्याने ओळखीचं नाव दाबतो आणि पुढे जातो. काम अर्ध्या सेकंदाचं. दिल्लीत चार वर्षं भांडून जे मिळालं, ते माझ्या अंगठ्याखाली जातं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

हिशेबनीस
दुकानदारसाहेब, हे प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. पण यातून मला दिसतं ते असं की पर्याय समोर ठेवला तरी लोकांना बदल नको आहे. मग सक्ती कुणासाठी?

मीना, सीए
सक्ती ग्राहकासाठी वाटत नसेल तर विकणाऱ्याच्या बाजूने बघा. छोटी अ‍ॅप चालवणाऱ्यांचे हिशेब माझ्याकडे येतात. प्ले स्टोअरवर वर्गणीचे १०० रुपये आले की १५ स्टोअरचे. आयोगाच्या आदेशानंतर दुसऱ्या पेमेंट यंत्रणेतून पैसे घ्यायची मुभा मिळाली. तसे घेतले तर स्टोअर ४ सोडतं, म्हणजे ११ तरी द्यायचेच. वर त्या दुसऱ्या यंत्रणेचे २ च्या आसपास. ताळेबंदात वाचतात जेमतेम दोन रुपये, आणि दोन रुपयांसाठी दोन जागचे हिशेब कुणी ठेवत नाही. कागदावर पर्याय आहे, व्यवहारात नाही. प्ले स्टोअरच्या या वेगळ्या प्रकरणात आयोगाचा दंड ९३६.४४ कोटी होता, तोही मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला.

१ मार्च २०२४ ची गोष्टही विसरू नका. फी थकवली म्हणून गुगलने शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम यांच्यासकट दहाएक भारतीय कंपन्यांची अ‍ॅप स्टोअरवरून उतरवली. मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ती परत आली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना मंत्री लागतो, तर तिघांनी चालवलेल्या अ‍ॅपने कुणाकडे जायचं?

हिशेबनीस
त्या कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात हरल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम दिलासा दिला नव्हता. वापरलेल्या सेवेची फी मागणं गुन्हा नाही. पण तुमचा ११ अधिक २ चा हिशेब मला खोडता येत नाही. तो दर इतर कुणी ठरवायची वेळ आली आहे, हे मान्य. मोडतोडीला मात्र माझा विरोध कायम आहे.

वाटसरू
मोडतोड मीही मागितली नाही. मागणी दोनच गोष्टींची. आदेश निघाल्यावर तो खरंच पाळला जातोय का, हे दर सहा महिन्यांनी आयोगाने उघडपणे तपासावं. आणि अपील चालू असतानाही निर्देश लागू राहावेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अँड्रॉइडच्या आदेशाला स्थगिती नाकारली, आणि सहाच दिवसांत गुगलने भारतासाठी बदल जाहीर केले. सहा दिवसांत होण्यासारखं काम होतं ते. त्यासाठी चार वर्षं गेली.

सांगलीचा दुकानदार
तुमचं सगळ्यांचं वाचून काल मी एका आजींना पाटीवरची नावं एकेक करून वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “यातल्या कुणाला मराठी नीट कळतं?” मला सांगता आलं नाही. एकाशिवाय दुसरं मी कधी वापरलेलंच नाही.