मदत हवी आहे: गॉस्पेल क्वार्टेटच्या अ‍ॅनिव्हर्सरीला आईला घेऊन जायचंय, तिथे कसं वागायचं?

लॅबवाली_ताई

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय, कारण कार्यक्रम येत्या रविवारी आहे.

आम्ही अलाबामातल्या बर्मिंगहॅमजवळ राहतो (इंग्लंडमधलं नव्हे, दर वेळी सांगावं लागतं). मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिथे साठी उलटलेले एक कृष्णवर्णीय सहकारी आहेत, मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणते. रात्रपाळीला नमुने लावताना ते खर्जात काहीतरी गुणगुणत असतात. पहिले काही महिने मला वाटायचं सेंट्रिफ्यूज बिघडलाय. चार वर्षांनी परवा कळलं की ते एका गॉस्पेल क्वार्टेटमध्ये (चर्चची भक्तिगीतं चार आवाजांत गाणारा ग्रुप) बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, गातात आणि ग्रुपला यंदा चाळीस वर्षं होतात. बेसेमरला त्यांच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी तीनला अ‍ॅनिव्हर्सरी आहे. त्यांनी पोस्टर दिलं: सहा ग्रुप, प्रत्येकाचा फोटो, सगळे एकसारख्या सुटात, एक ग्रुप तर टायपासून बुटापर्यंत जांभळा. तिकीट आधी घेतलं तर पंधरा डॉलर, दारात वीस. मी तीन घेऊन टाकली.

तिसरं आईचं. ती साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलीय. गावच्या भजनी मंडळात टाळ धरते, हरिपाठ तोंडपाठ. इथे तिला अजिबात करमत नाहीये. गाण्याचं नाव काढल्यावर एका पायावर तयार झाली.

आता भीतीचं कारण. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात अशाच कार्यक्रमाला मी एकटी गेले होते. पुढची रांग रिकामी दिसली म्हणून जाऊन बसले, ती गाणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ठेवलेली होती. मग फोन काढून शूटिंग सुरू केलं. तेवढ्यात पलीकडच्या बाई हात वर करून रडायला लागल्या आणि त्यांचा चेहरा भरून माझ्या स्क्रीनवर. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्याचंच जास्त लागलं. त्यानंतर कुठे गेले नाही.

तर प्रश्न, सुचतील तसे. आई नऊवारी नेसणार म्हणते, चालेल ना? तिकीट काढल्यावर वर पैसे ठेवायचे असतात का? टाळ्या कधी वाजवायच्या? मध्ये उठता येतं का, तिचे गुडघे दुखतात. आणि ती रव्याचे लाडू आणि नारळ न्यायचा म्हणतेय. नारळाचं काय करू?

पहाटेचा_गजर

आम्ही मागच्या वर्षी टेनेसीत पिजन फोर्जला नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन पाहिलं. साधी गोष्ट आहे. खुर्चीवर शांत बसायचं, गाणं संपलं की टाळ्या, फारच आवडलं तर उभं राहायचं. हार्मनी अशी की चार गळे एकाच माणसाचे वाटावेत. तेव्हा टेन्शन घेऊ नका, नाटकाला बसल्यासारखं बसा.

जुन्या_तबकड्या

गजरराव, माफ करा, पण हा सल्ला घेऊन ताई बेसेमरला गेल्या तर सगळ्या चर्चमध्ये त्या एकट्याच शांत बसलेल्या असतील, आणि ते फार उठून दिसेल.

गॉस्पेल क्वार्टेट या नावाखाली दोन घराणी आहेत. तुम्ही पाहिलंत ते सदर्न गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांचं. त्याची सुरुवात धंद्यातून झाली: टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी १९१० मध्ये आपली गाण्यांची पुस्तकं खपावीत म्हणून चार गाणारे पगारी फिरतीवर पाठवले. तुमचं कन्व्हेन्शनही त्याच वंशातलं, १९५७ ला मेम्फिसमध्ये सुरू झालेलं.

बेसेमरचं घराणं वेगळं. त्याचं मूळ शोधत मागे गेलात तर नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातली मुलं सापडतात. नुकती गुलामगिरी संपलेली, संस्थेकडे पैसा नाही, म्हणून १८७१ मध्ये ती गात गात निधी गोळा करायला निघाली. आईंना एक सांगा. फुल्यांनी १८७३ मधलं आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं होतं, आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्या साताऱ्यातलंच. म्हणजे त्या अगदीच परक्या ठिकाणी चाललेल्या नाहीत.

आणि ताई, तुम्ही बसल्या जागी केवढ्या खाणीवर बसला आहात! बर्मिंगहॅमच्या परिसरात कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी जवळजवळ सापडते, म्हणून तिथे पोलाद आलं. शेती सोडून आलेले कृष्णवर्णीय मजूर कंपनीच्या घरांत राहायचे, खाणीत आणि भट्टीवर राबायचे आणि पाळी सुटली की चौघं चौघं मिळून गायचे. आपल्याकडे गिरणगावात कोकणातून आलेल्यांची चाळीचाळीत भजनी मंडळं होती, अगदी तसं. आवाज बसवून देणारे ‘ट्रेनर’ असत, आपल्या भजनीबुवांसारखे; बेस कुठे धरायचा, टेनरने (वरच्या आवाजाने) कुठे निसटायचं, हे घोटून घ्यायचे. बर्मिंगहॅम ज्युबिली सिंगर्सच्या तबकड्या १९२६ पासून निघाल्या. बेसेमरचे स्टर्लिंग ज्युबिली सिंगर्स १९२९ चे, पाइपच्या कारखान्यातले कामगार.

क्वार्टेट म्हणजे चारच माणसं, हेही डोक्यातून काढा. स्टेजवर सहा-सात दिसतील, मागे गिटार आणि ड्रम्स असतील. चार म्हणजे आवाजाच्या चार जागा: लीड (मुख्य गाणारा), टेनर, बॅरिटोन (मधला आवाज), बेस. सोल स्टिरर्स या टेक्ससच्या ग्रुपने दोन लीड आलटून पालटून वापरायची पद्धत रूढ केली, माणसं पाच झाली, नाव चारचंच राहिलं. सॅम कुक आधी त्याच ग्रुपचा लीड होता, पॉपमध्ये गेला तो नंतर.

ऐकताना एकच गोष्ट धरा. गाणं अर्ध्यावर आलं की मागचे लोक पुढे सरकणं बंद करतात. एकच ओळ, कधी एकच शब्द, धरून बसतात आणि लीड त्यावर स्वतःचं सांगायला लागतो: आईचं आजारपण, गेलेली नोकरी, जे असेल ते. याला तिकडे ‘ड्राइव्ह’ म्हणतात. कार्यक्रम खरा तिथे सुरू होतो. आईंना हे समजावायची गरज पडणार नाही, गजर कसा चढतो हे त्यांना ठाऊक आहे.

सावध_माणूस

गाण्याच्या नावाखाली धर्मात ओढतात. वयस्कर बाईंना नेताना विचार करा.

नगरची_लेक

सावधराव, चाळीस वर्षं गाणारा माणूस आपल्या लॅबमधल्या मुलीला कार्यक्रमाचं पोस्टर देतोय. जरा दमानं घ्या.

ताई, मी मूळची नगरची, आमच्या घरात ही चौथी पिढी ख्रिस्ती. आमच्या मंडळीत रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर होतात, टाळही असतात. आता ह्यूस्टनला असते आणि अशा कार्यक्रमांना बऱ्याचदा जाते, तेव्हा नीट सांगते.

नऊवारी बिनधास्त. रविवारी तिथे बायका अशा हॅट घालून येतात की तुमची आई साधीच दिसेल. फक्त एसी गारठवतो, शाल न्या.

पैसे: तिकीट वेगळं, दानार्पण वेगळं. थाळी फिरेल किंवा रांगेने पुढे जाऊन टोपलीत टाकायचं असेल. पाच-दहाच्या सुट्या नोटा न्या, आईंच्या हातात त्यांची वेगळी नोट द्या. नाही टाकलं तरी कुणी बघत नाही, पण रिकाम्या हाताने बसणं त्यांनाच आवडणार नाही.

नवीन आलेल्यांना उभं राहायला सांगतात. कुठून आलात, कुणाच्या ओळखीने, एवढंच. दोन वाक्यं घरून ठरवून जा, ऐन वेळी ततपप होतं. शेवटी पाळक कदाचित प्रार्थनेसाठी पुढे बोलावतील. ते ज्यांना यायचं त्यांच्यासाठी असतं. तुम्ही जागेवर मान खाली घालून बसलात तरी चालतं.

कुणी नाचायला लागलं, कोसळलं, तर घाबरू नका. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका असतात, त्या सांभाळतात, पंख्याने वारा घालतात. तुम्ही फोन तेवढा पर्समध्ये ठेवा. मागच्या खेपेची रुखरुख त्यानेच जाईल. पुढच्या रांगेचं म्हणाल तर स्वतः जागा शोधूच नका, दारात अशर उभे असतात, ते नेतील तिथे बसा. आईंचे गुडघे सांगितलेत तर कडेची जागा देतील. उठायचं झालं तर दोन गाण्यांच्या मध्ये. प्रार्थना चालू असेल तर आहात तिथे थांबा.

लाडू न्या, पण काकांच्या घरच्यांच्या हातात द्या आणि डब्यावर काजू आहेत असं लिहा. नारळ घरी ठेवा.

ढोलकी_दोन_पुड्याची

टाळ्यांचं कुणी बोललंच नाही! आपण समेवर टाळी देणारी माणसं. तिथे टाळी दोन आणि चारवर पडते. एक-दोन-तीन-चार मोजा, एक आणि तीनला पाय, दोन आणि चारला हात. घरी भांडी घासताना सराव करा. मी अटलांटात पहिल्यांदा गेलो तेव्हा अख्ख्या बाकाची लय एकट्याने बिघडवली होती.

आणि तीन म्हणजे तीन नव्हे. साडेतीनला सुरू होईल, सातपर्यंत चालेल. खाऊन जा.

लॅबवाली_ताई

किती पटापट उत्तरं! सगळ्यांचे आभार. नगरची_लेक, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. खाण्यावरून आठवलं, कार्यक्रमानंतर खाली हॉलमध्ये जेवण आहे. आई शाकाहारी. काय चालेल?

नगरची_लेक

पालेभाजीला भुलू नका. कोलार्ड ग्रीन्स दिसायला आपल्या भाजीसारखी, पण शिजताना त्यात डुकराचं किंवा टर्कीचं मांस असतं. घेवड्याच्या शेंगांतही तेच. मॅकरोनी-चीज आणि रताळ्याचं गोड बहुधा चालेल, तरी वाढणाऱ्या बाईंना विचारा, त्यांना राग येत नाही. पाउंड केकमध्ये अंडं असतं. आईंना थालीपीठ देऊन ठेवा पर्समध्ये.

लॅबवाली_ताई

जाऊन आलो! सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

तीन चाळीसला सुरू झालं. आधी गाणं नव्हतंच. दोन म्हातारे पुढे उभे राहिले, एकाने एक ओळ भराभर म्हटली आणि मग सगळं चर्च तीच ओळ इतक्या संथ, इतकी ओढून म्हणायला लागलं की शब्द कळेनात. वाद्य एकही नाही. आईने माझा हात दाबला, म्हणाली, “चाल लावतायत.” पुढचा पाऊण तास ती माझ्याशी बोलली नाही.

पाहुण्यांना उभं केलं. मी ठरवलेली दोन वाक्यं म्हटली. आई पण उठली, हात जोडले आणि खणखणीत “रामकृष्ण हरी” म्हणाली. मला घाम फुटला. मागून कुणीतरी “आमेन” म्हणालं आणि सगळे हसून टाळ्या वाजवायला लागले.

टाळ्यांचं मात्र तुम्ही म्हणालात तेच झालं, ढोलकीदादा. तीन गाणी आई समेवर ठोकत होती. तिच्या शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती, केसांत पांढरे मणी. तिने थोडा वेळ पाहिलं, मग सरळ आईचं मनगट धरलं. एकला धरून ठेवायची, दोनला सोडायची. तीनला धरून, चारला सोडून. एक अख्खं गाणं. त्यानंतर आई चुकली नाही, मी चुकत होते.

काका शेवटच्या ग्रुपमध्ये. लॅबच्या निळ्या कोटात पाहिलेला माणूस पिवळ्या सुटात. सुरुवातीला वाद्यं बंद ठेवून नुसते आवाज. काका माइक हनुवटीला टेकवून एकच ठेका खाली धरून होते, उजवा बूट लाकडावर आपटत, आणि तो सूर मला कानाआधी बाकातून, मांडीला लागला. मग ड्रम्स आले, लीड माइक घेऊन खाली आमच्या रांगांत उतरला, मागच्यांनी दोन शब्द धरले ते किती मिनिटं सोडलेच नाहीत. समोरच्या एक बाई उभ्या राहून गोल फिरल्या आणि कोसळल्या. पांढऱ्या हातमोज्यांच्या दोघी आल्या. आई हळूच म्हणाली, “अंगात आलं?” मी म्हटलं साधारण तसंच. तिने आपल्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा पुढे केला.

तो पंखा आता आमच्या फ्रीजवर आहे. एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग, दुसऱ्या बाजूला अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. आई म्हणते साताऱ्याला नेणार.

दानार्पण दोनदा झालं, सुट्या नोटा कामी आल्या. लाडू काकूंना दिले. थालीपीठ पर्समध्येच राहिलं, आईने तीनदा मॅकरोनी घेतली. घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते.

आता नवा प्रश्न. सोमवारी लॅबमध्ये काकांना आईचा व्हिडिओ दाखवला, मंडळात टाळ वाजवतानाचा. तीन वेळा मागे नेऊन पाहिला. तशी जोडी मिळेल का विचारतायत, पैसे देतो म्हणाले. साताऱ्याहून पितळी टाळ कुरिअरने अमेरिकेत पाठवायचा कुणाला अनुभव आहे का? वजन अर्धा किलोच्या आसपास धरा. पार्सलवर काय लिहायचं, वाद्य की पूजेचं साहित्य?