बहुराष्ट्रीय कंपनीतले बदल-व्यवस्थापन वाळूजच्या स्टोअरपर्यंत कसे पोहोचते?

प्रश्न (स्टोअर्स विभाग, वाळूज)

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी काम करतो. आमची मूळ कंपनी जर्मन असून सर्व देशांतील कारखाने एकाच नव्या ईआरपी प्रणालीवर (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) आणण्याचे काम सध्या सुरू आहे. आमच्या विभागाचा ‘चेंज एजंट’, म्हणजे हा बदल सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवणारा, म्हणून माझे नाव दिले गेले आहे. मुख्यालयाकडून येणाऱ्या सादरीकरणांत बदल-व्यवस्थापनाचे अभ्यासक जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्या असतात, नाहीतर ‘अडकार’ हे सूत्र असते, म्हणजे जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि शेवटी बदल टिकवून धरणे. हे सारे वाचताना पटते.

मात्र आमचे स्टोअर बावीस वर्षे सांभाळणाऱ्या काकांच्या रजिस्टरच्या समासात ‘पावसाळ्यात खालच्या फळीवर नको, गंज धरतो’ अशा नोंदी असतात, आणि नव्या स्क्रीनवर त्यांच्यासाठी रकानाच नाही. प्रशिक्षण संपल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, “मग हे कुठं लिहायचं?” मला उत्तर देता आले नाही. दर आठवड्याच्या अहवालात ‘विरोध करणारे कर्मचारी’ असा एक रकाना मात्र आहे. त्यात काकांचे नाव घालावे, असे मला सुचवण्यात आले आहे. मोठ्या कंपन्यांत हे काम खरोखर असेच चालते का?

उत्तर (मूळ लातूरचा, ईआरपी प्रकल्पांत सल्लागार)

त्या रकान्यात त्यांचे नाव कृपया घालू नका. काकांची समासातली नोंद ‘फिट-गॅप’च्या यादीत जायला हवी.

अशा प्रकल्पात मुख्यालय आधी एक जागतिक टेम्प्लेट, म्हणजे सर्व कारखान्यांसाठी एकच साचा, ठरवते आणि मग प्रत्येक कारखान्यात फिट-गॅपच्या बैठका होतात, ज्यांत स्थानिक कामाची पद्धत टेम्प्लेटमध्ये कुठे बसते आणि कुठे नाही हे तपासले जाते. या बैठका संपून टेम्प्लेट गोठले की पुढची प्रत्येक मागणी ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणून मंजुरी मंडळापुढे जाते, तिचा खर्च काढला जातो आणि एका कारखान्यापुरती मागणी तिथे सहसा टिकत नाही. त्यामुळे काकांचा प्रश्न आज मांडला तर ती दुरुस्ती आहे, गो-लाइव्हनंतर, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, मांडला तर ती तक्रार होते. सॅपसारख्या ईआरपी प्रणालीत मटेरियल मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीत, साठवणुकीच्या अटींसाठी रकाना असतो. माझ्या एका प्रकल्पात तो रिकामाच राहिला होता, कारण स्टोअरमधल्या कुणालाही बैठकीला बोलावलेले नव्हते.

कॉटर यांनी 1995 मध्ये लिहिलेल्या लेखात बदल फसण्याची आठ कारणे दिली होती. त्यांतले पहिले, म्हणजे निकड निर्माण न करणे, मुख्यालयांनी चांगलेच मनावर घेतले आहे. सॅपच्या जुन्या आवृत्तीला कंपनीकडून मिळणारी मुख्य देखभाल-सेवा 2027 अखेर संपणार असल्याने निकड तर आयतीच मिळते. विजय फार लवकर जाहीर करणे हेही कारण त्याच लेखात आहे, पण गो-लाइव्हनंतरचे ‘हायपरकेअर’, म्हणजे सुरुवातीच्या काळातली खास मदत, काही आठवड्यांत गुंडाळताना ते कुणाला आठवत नाही. चुका तर पहिल्या वार्षिक साठामोजणीत बाहेर येतात.

उत्तर (कामगार प्रतिनिधी, चिकलठाणा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक बाजू राहिली. तुमच्या मूळ कंपनीच्या देशात 1972 च्या कायद्यातील कलम 87 नुसार, कामगारांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारी तांत्रिक साधने आणताना कामगार परिषदेला (कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे मंडळ) सहनिर्णयाचा अधिकार आहे. म्हणजे तिथे सॉफ्टवेअर बसवण्याआधी समोरासमोर बसून बोलणी करावी लागतात. आपल्याकडे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम 9-अ मध्ये 21 दिवसांच्या सूचनेची तरतूद होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवली आहे, परंतु ती अनुसूचीत दिलेल्या सेवाशर्तींपुरतीच आहे. त्यामुळे तिथे ज्या गोष्टीवर चर्चा होते, तिची इथे फक्त तारीख कळते.

प्रशिक्षणाच्या वेळेकडेही लक्ष द्यावे. जर्मनीतले सकाळचे अकरा म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. आमच्याकडे पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते आणि पैठण, गंगापूरकडच्या बस लगेच निघतात. अर्धे लोक घड्याळाकडे पाहत इंग्रजी वेबिनार ऐकत होते आणि अहवालात उपस्थिती शंभर टक्के लागली. मराठीतून, शिफ्टच्या वेळेत आणि प्रत्यक्ष रॅकजवळ उभे राहून शिकवण्याची मागणी लेखी करा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमची फिट-गॅप बैठक येत्या मंगळवारी आहे. काकांनाही बोलावण्याची परवानगी आज मिळाली. बैठक इंग्रजीतून चालणार असल्याने मी त्यांच्या शेजारी बसून दोन्हीकडचे सांगत जाईन. समासातल्या नोंदी मटेरियल क्रमांकानुसार उतरवायला आम्ही दुपारी बसलो होतो. आतापर्यंत चाळीस झाल्या, आणि हे अजून पहिलेच रजिस्टर आहे.