काकांच्या पाठीवर जांभळे डाग होते. मार लागल्याचे असतील का?

गंगापूररोडकर
आमचे मोठे काका गेले, परवाच रामकुंडावर दहावा झाला. वय ८१, बीपी-शुगर दोन्ही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात एकटेच राहायचे. रात्री जेवून झोपले. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तर ओ नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं आणि हार्टचा दाखला दिला.

नऊच्या सुमारास मी पोचलो. गंगाजल-तुळशीपत्र घालायला गेलो तर जबडा उघडेना. मानही ताठ, पाय मात्र सैल होते. आंघोळीसाठी कुशीवर वळवलं तर पाठ आणि मांड्यांची मागची बाजू जांभळी-काळी. फक्त खांद्याच्या पात्यांवर आणि कुल्ल्यांवर पांढरेफटक पट्टे. नाकाशी थोडा फेस. आत्याने तिथेच "माझ्या भावाला मारलंय" म्हणून हंबरडा फोडला. वाड्याच्या जागेवरून केस चालू आहे, त्यामुळे नातेवाइकांत कुजबुज थांबत नाही. आत्याला काय सांगू?

सातपूरचा_पक्या
पोलिसांना कळवून पीएम (पोस्टमॉर्टेम) करून घ्यायला पाहिजे होतं. आता अग्नी दिल्यावर काय उपयोग?

निवृत्त_एमओ
पक्या, म्हणतोस ते खरं, पण त्यांनी विचारलंय ते डागांबद्दल.

निफाडकडे ग्रामीण रुग्णालयात नोकरी केली, पोस्टमॉर्टेम आमच्याच गळ्यात असायची. हे डाग दाखवून "साहेब, मारलंय हो" म्हणणारे नातेवाईक नेहमीचे. हृदय थांबलं की रक्त वजनाने खालच्या बाजूला उतरतं. उताणा माणूस असेल तर पाठीवर, पालथा असेल तर छातीपोटावर, फाशी घेतलेल्याच्या पायांत आणि हातांच्या पंजांत. अर्ध्या तासात ठिपके दिसू लागतात, चारेक तासांत सगळं एकजीव होतं. अंग जिथे गादीवर दाबलेलं असतं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटलेल्या, म्हणून तिथे रक्त शिरत नाही. तुमचे पांढरे पट्टे ते हेच. मारणारा नेमकी खांद्याची पाती आणि कुल्ले वगळून बाकीची पाठ एकसारखी काळी करेल का? मुका मार सुजतो, कुठेही असतो, आणि चिरून बघितलं तर रक्त मांसात मुरलेलं असतं, धुऊन जात नाही. या डागांतलं रक्त वाहिन्यांतच असतं, पाण्याने निघून जातं.

दोन गोष्टी सांगा. बोटाने दाबल्यावर डाग फिका पडत होता का? आणि रंग जांभळाच ना, लालभडक नव्हता? थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवतात, तो धूर भिनला तर डाग चेरीसारखे लाल येतात.

गंगापूररोडकर
जांभळेच होते, डॉक्टर. शेगडी नाही. पाणी घालताना माझ्या बोटांचे पांढरे ठसे उमटत होते, तेच बघून आत्या जास्त घाबरली.

निवृत्त_एमओ
मग डाग अजून पक्के व्हायचे होते. साधारण ६ ते १२ तासांत ते पक्के होतात, नंतर दाबून हलत नाहीत. म्हणूनच उताण्या मृतदेहाच्या छातीवर पक्के डाग दिसले की आम्ही पोलिसांना सांगायचो, याला कुणीतरी मागाहून उलटवलाय. तुमच्याकडे डाग आणि झोपायची पद्धत जुळतात.

जबड्याचंही तसंच. स्नायू सैल व्हायला एटीपी, म्हणजे पेशींतलं इंधन लागतं, ते संपलं की स्नायू आहे तिथे अडकतो. आधी पापण्या, जबडा, मान, मग हात, शेवटी पाय. जबडा घट्ट आणि पाय सैल म्हणजे ताठरपणा अर्ध्यावर होता. थंडीत हे सगळं रेंगाळतं, म्हणून मध्यरात्रीनंतर कधीतरी गेले, यापेक्षा बारीक वेळ मी सांगणार नाही. सीरियलमधले डॉक्टर हात लावून "११ वाजून २० मिनिटं" म्हणतात, त्यांना एकदा निफाडच्या जानेवारीत उभं करायला हवं! फेसाचं म्हणाल तर हार्ट फेल झालं की फुप्फुसांत पाणी साचतं, ते नाकाशी येतं.

पण आत्याला "काहीच झालं नाही, सिद्ध झालंय" असं सांगू नका. डागांवरून मार दिसत नाही, एवढंच. उशीने तोंड दाबणं किंवा विष यांचा निकाल पाठ बघून लागत नाही. त्यासाठी शवविच्छेदन आणि व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) लागतो, तो नाशिकच्याच प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो.

सातपूरचा_पक्या
आणि मेल्यावर नखं-दाढी वाढते म्हणतात ते?

निवृत्त_एमओ
काही वाढत नाही. कातडी सुकून मागे सरते, म्हणून खुंट वर आलेले दिसतात.

गंगापूररोडकर
पुढे कुणाच्या घरी असा संशय आला तर काय करायचं?

निवृत्त_एमओ
आंघोळ घालू नका, कपडे बदलू नका, आधी पोलीस ठाण्यात कळवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली, दोन पंचांसमोर पंचनामा होतो आणि गरज वाटली तर पीएम. आणि त्या दिवशी कुणी पाठीचे फोटो काढले असतील तर ते इथे टाकू नका. आत्याला घेऊन त्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जा. त्यांनी सकाळी काकांना बघितलंय, मी नाही.