मदत हवी आहे: स्विमिंग पूलच्या शिडीला हात लावला की झिणझिण्या येतात

नमस्कार मंडळी. अलिबागजवळ आमचं घर आहे, मागे छोटा पूल. परवा पाण्यातून निघताना स्टीलची शिडी धरली, तर बोटांना मुंग्या आल्या. मेन स्विच पाडून बघितला, तरी तेच! पोरांना तेव्हापासून पाण्यात सोडलेलं नाही. वायरमन म्हणतो, "अर्थिंग आहे, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच) आहे, काळजी नको." पण बाहेरून अर्थमधूनच व्होल्टेज येत असेल तर आरसीसीबी पडणार कशी? शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी आणि काँक्रीटमधल्या सळ्या तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेल्या हव्यात ना? आमच्याकडे तशी तार कुठेच दिसत नाही. फरशी न फोडता ती आता टाकता येईल का? पेण-अलिबागकडे हे बाँडिंगचं काम स्वतः केलेलं कुणी आहे का?