शेकरू आणि कुरव: तक्त्यात तुलना कशी मांडावी?

करवंद:
आठवीच्या वर्गासाठी भित्तिपत्रक करतेय. एकीकडे शेकरू, दुसरीकडे तपकिरी डोक्याचा कुरव (सीगल). कुरवाची लांबी ४२ सेंमी, शेकरूची डोके-धड ४० सेंमी अशी नोंद मिळाली. ‘आकाराने दोघे सारखेच’ असं लिहिलं तर चालेल ना?

दुर्बीणवाला:
नका लिहू. पक्ष्याची लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरतात, सस्तन प्राण्याची शेपटी मात्र वेगळी मोजतात. शेकरूची शेपटी धडाइतकी, कधी त्याहून लांब असते. ती धरली तर आकडा दुपटीच्या घरात जातो. त्यापेक्षा वजन घ्या: कुरव साधारण अर्धा किलो, शेकरू दीड ते दोन किलो.

चित्रही तपासा. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या कुरवाचं डोकं तपकिरी नसतंच! विणीनंतर ते पांढरं होतं आणि कानामागे गडद ठिपका उरतो. परतीच्या सुमारास पुन्हा रंग चढतो. काळ्या डोक्याचा कुरवही हिवाळ्यात असाच दिसतो, म्हणून डोळा बघा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, शिवाय पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके. दुसऱ्याचा डोळा गडद.

खाडीकाठ:
पाय शेजारी शेजारी काढा, मुलांना फरक लगेच कळेल. कुरवाच्या पुढच्या तीन बोटांमध्ये पडदा, मागचं बोट इवलंसं, फांदी धरायला कुचकामी. शेकरूचा मागचा घोटा उलटा वळतो, त्यामुळे ते डोकं खाली करून खोडावरून उतरतं, मागच्या पायांवर लटकून उंबर-जांभळं खातं.

घरट्यात चूक हमखास होते. कुरव कोकणात घरटं करत नाही. तो लडाखमध्ये त्सो मोरीरीसारख्या तलावांकाठी, जमिनीवर, वसाहतीने वीण करतो. शेकरू एकटं राहतं आणि उंच झाडाच्या बारीक फांद्यांवर डहाळ्या-पानांची गोल घरटी बांधतं, तीही एकाहून जास्त. भीमाशंकरला दहा घरटी दिसली म्हणजे दहा शेकरं नव्हेत. झाडांचे शेंडे एकमेकांजवळ असायला हवेत, हेही दाखवा. त्याची झेप ६ मीटरपर्यंत जाते, मधली झाडं तुटली की वाट संपली.

करवंद:
लांबीची ओळ काढते. कुरवाच्या ‘अन्न’ चौकटीत शेव-गाठ्या काढल्यात, ठेवू?

दुर्बीणवाला:
पुसा. बोटीवरून लोक टाकतात खरं, पण मासे, कोळंबी, किडे काढा. त्याच्या डोळ्यांवरच्या ग्रंथी समुद्राचं मीठ गाळून नाकपुड्यांवाटे टाकतात. तळणाचं तेल नाही गाळत.