मदत हवी आहे: फंक्शनल मूव्हमेंट डिसऑर्डरच्या रुग्णांचे वर्गीकरण कसे करावे?

निरगुडी
नमस्कार. मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात काम करते. फंक्शनल मूव्हमेंट डिसऑर्डर, म्हणजे हालचालीची यंत्रणा शाबूत असूनही तिचे नियंत्रण विस्कळीत होण्याचा विकार, असलेल्या रुग्णांचा तक्ता मला करायचा आहे आणि सोमवारी तो विभागात मांडायचा आहे. काही रुग्ण कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. एका तरुण स्त्रीचे दोन्ही हात कापतात आणि तिची चालही बिघडलेली आहे. एका वयस्कर गृहस्थांना पार्किन्सनची औषधे चालू आहेत, परंतु त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवले की हाताचा कंप थांबतो. यांना कुठे घालावे? पाठ्यपुस्तक वाचा असे कृपया सांगू नये, ते वाचूनच येथे विचारत आहे.

सह्यकडा
रकाने कशाचे आहेत, हे आपण लिहिलेले नाही. हालचालीच्या प्रकारानुसार केलेले वर्गीकरण आणि निदान किती खात्रीचे आहे यानुसार केलेले वर्गीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच तक्त्यात मिसळल्या की आपण म्हणता तशीच अडचण उभी राहते. हा तक्ता कशासाठी आहे? प्रबंधासाठी, की विभागाच्या नोंदीसाठी?

मुळाकाठ
मी अनेक वर्षे सर्वसाधारण प्रॅक्टिस करीत आहे. माझ्या मते पहिला रकाना मानसिक ताणाचा असावा. घरातील भांडणे, परीक्षा, सासरचा त्रास यांपैकी काहीही सापडत नसेल, तर त्या रुग्णाला या यादीत घालण्याची घाई करू नये.

सह्यकडा
मुळाकाठ, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत, मानसिक ताणाची अट काढून टाकली गेली. आता निदान उभे राहते ते तपासणीत प्रत्यक्ष दिसणाऱ्या चिन्हांवर. ताण तर पार्किन्सनच्या रुग्णालाही असतो. उलट, कित्येक फंक्शनल रुग्णांचा त्रास एखाद्या साध्या दुखापतीनंतर किंवा आजारपणानंतर सुरू झालेला असतो आणि घरात कुरबुरीचे नावही नसते. ताण शोधत बसल्याने अशा रुग्णांचे निदान लांबते, आणि ज्यांच्या घरी ताण आहे त्यांचा खरा मेंदूविकार नजरेतून सुटतो.

मुळाकाठ
अट म्हणून नको, हे मान्य. तरीही मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीची नोंद तक्त्यात असायलाच हवी. चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावर उपचार करावेच लागतात.

निरगुडी
तक्ता प्रबंधासाठी आहे. रकाने कंप, डिस्टोनिया (स्नायू आखडून अवयव वाकडा होणे), चाल आणि इतर असे आहेत. जुन्या केसपेपरांवर काही ठिकाणी ‘हिस्टेरिया’, काही ठिकाणी ‘सायकोजेनिक’ एवढेच, म्हणजे या विकाराचे जुने नावच, लिहिलेले आहे आणि चित्रफिती नाहीत. त्या गृहस्थांचा उजवा हात ताठर आहे आणि त्याच्या हालचाली मंद आहेत. लक्ष वळवल्यावर थांबणारा कंप मात्र डाव्या हाताचा आहे.

आंबेगावकर
हा शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या गृहस्थांच्या बाबतीत एकच निदान निवडण्याची गरजच नाही, कारण पार्किन्सन असलेल्या माणसाला त्याच्या जोडीने फंक्शनल कंपही होऊ शकतो. दोन्ही निदाने स्वतंत्र नोंदवावीत. पडताळण्यासाठी त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. पार्किन्सनचा विश्रांतीतील कंप अशा वेळी सहसा वाढतो, तर फंक्शनल कंप कमी होतो किंवा थांबतो. त्यानंतर उजव्या हाताने तुम्ही ठरवलेल्या तालावर बोटे आपटायला सांगा. डाव्या हाताचा कंप त्या तालावर आला, थांबला, किंवा बोटे आपटणेच चुकू लागले, तर ते एन्ट्रेनमेंटचे, म्हणजे कंप दुसऱ्या हाताच्या तालात ओढला जाण्याचे, चिन्ह आहे. मात्र त्यांचा उजवा हात मंद असल्यामुळे ताल संथ ठेवावा आणि बोटे आपटणे चुकले एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

त्या तरुण स्त्रीसाठी माझा सल्ला असा, की ‘प्रमुख लक्षण’ हा एक रकाना ठेवावा आणि कंप, डिस्टोनिया, स्नायूंचे झटके, चाल, अशक्तपणा या प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी वेगळी नोंद करावी. मिश्र लक्षणे या विकारात वारंवार आढळतात. ‘इतर’ नावाच्या रकान्यात ती ढकलली, तर प्रबंधातील सर्वांत मोलाची माहिती तिथेच हरवेल.

निदानाच्या खात्रीसाठी फान आणि विल्यम्स या संशोधकांनी 1988 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आहेत: पुराव्याने सिद्ध, तपासणीने प्रस्थापित, संभाव्य आणि शक्य. गुप्ता आणि लँग यांनी 2009 मध्ये त्यांत सुधारणा करून ‘प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या आधारे निश्चित’ ही पायरी जोडली. झटक्यांच्या रुग्णात ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) आणि ईएमजी (स्नायूंचा विद्युत आलेख) एकत्र घेऊन झटक्याच्या आधी मेंदूत उमटणारी पूर्वतयारीची लहर दाखवता आली, तर ती या पायरीत मोडते. कोणती मांडणी वापरली, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

कर्वेपथ
एवढे करण्यापेक्षा सर्वांचे ट्रोडॅट स्कॅन करून घ्यावे. प्रश्नच मिटेल.

आंबेगावकर
मिटणार नाही. ते स्कॅन मेंदूतील डोपामिनच्या वाहकांची स्थिती दाखवते. एसेन्शियल ट्रेमर या पार्किन्सनहून वेगळ्या कंपाच्या विकारात आणि बहुतेकदा औषधांमुळे झालेल्या पार्किन्सनसदृश त्रासातही ते सामान्य येते, म्हणून सामान्य स्कॅन म्हणजे फंक्शनल, असे म्हणता येत नाही. ते बिघडलेले आले तरी जोडीचा फंक्शनल कंप नाकारला जात नाही. पार्किन्सनसदृश लक्षणांबद्दल शंका असेल तेव्हाच त्याचा विचार करावा. जुन्नरहून एसटीने येणाऱ्या रुग्णाला केवळ तक्ता पूर्ण करण्यासाठी हा खर्च सांगणे मला योग्य वाटत नाही.

औषधविक्रेता_सदाशिव
औषधांची यादी कोणीच विचारली नाही. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटने हात कापतात. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने तरुण मुलींची मान अचानक वाकडी होते आणि घरचे तिला नाटक समजतात. तो रकाना अवश्य ठेवावा.

सह्यकडा
अगदी योग्य. तरुण रुग्णांत विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबे साठण्याचा विकार, राहून गेलेला नाही ना, हेही पाहावे. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन या तांबे वाहणाऱ्या प्रथिनाची तपासणी आणि स्लिट लॅम्पवर डोळ्यांतील तांब्याचे कडे पाहणे एवढे तरी झालेले असावे. त्या आजारावर उपचार आहेत, तो चुकणे परवडणारे नाही.

पावलोपावली
मी फिजिओथेरपिस्ट आहे. निरगुडी यांनी उपचारांबद्दल विचारलेले नाही, याची मला कल्पना आहे, तरी लिहिते. रुग्णाला निदान कोणत्या शब्दांत सांगितले, याची नोंद कृपया ठेवावी. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून आलेला रुग्ण माझ्याकडे दुसऱ्यांदा येत नाही. लक्ष वळवल्यावर कंप कसा थांबतो हे त्याला प्रत्यक्ष दाखवून, ‘हालचालीची यंत्रणा शाबूत आहे, तिचे नियंत्रण विस्कळीत झाले आहे’ असे सांगितले, तर तो व्यायामाला तयार होतो. 2015 मध्ये फिजिओथेरपीसाठी तज्ज्ञांच्या सहमतीने ज्या शिफारसी प्रसिद्ध झाल्या, त्यांतही अशा समजावण्याला महत्त्व दिलेले आहे.

वाकडेवाडी_रहिवासी
माझ्या बहिणीला हेच निदान मिळाले आणि विमा कंपनीने दावा नाकारला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा असे आहे ना?

सह्यकडा
हो, कलम 21 मध्ये तशी तरतूद आहे. पण आपल्या पॉलिसीच्या अटी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढावा.

निरगुडी
सर्वांचे मनापासून आभार. प्रकार आणि खात्री असे दोन वेगळे भाग करते, तसेच औषधे आणि मिश्र लक्षणे यांचे रकाने वाढवते. आता एकच अडचण उरते: ज्या जुन्या कागदांवर नुसते ‘हिस्टेरिया’ आहे, त्यांना ‘शक्य’ या पायरीवर ठेवावे का?

आंबेगावकर
ठेवू नये. कोणतेही चिन्ह लिहिलेले नसताना पायरी देणे म्हणजे दुसऱ्याचा अंदाज आपल्या नावावर नोंदवणे होय. ‘चिन्हांची नोंद उपलब्ध नाही’ असा गट वेगळा ठेवून विश्लेषणातून तो बाहेर काढावा, आणि विभागप्रमुखांची व आचारसमितीची परवानगी घेऊन त्या रुग्णांना फेरतपासणीसाठी बोलवावे. सोमवारी तक्ता अपूर्ण दिसला तरी चालेल. येथे मात्र रुग्णांचे याहून अधिक तपशील लिहू नयेत.