एका समुद्रातला प्राणी दुसऱ्या समुद्रात ‘भरून’ काढता येतो का?

निळाई (धागाकर्ती)

देवमासे, डॉल्फिन, सील यांच्याबद्दल बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: “ही जात जगभर आहे, एका कोपऱ्यातले चार-पाचशे गेले तर काय बिघडतं?” मला हे वाक्य चुकीचं वाटतं, नुसतं कठोर नव्हे. का, ते सांगते.

बाल्टिक समुद्राचं पाणी जेमतेम खारट आहे. खुल्या समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, तर बाल्टिकच्या मध्यभागी वरच्या थरात सात-आठ ग्रॅम. तिथे हार्बर पॉर्पॉइजचा, म्हणजे डॉल्फिनच्या ठेंगण्या भाऊबंदाचा, एक समूह राहतो. साधारण ५०० प्राणी. जवळच्या उत्तर समुद्रात हीच जात तीन लाखांवर आहे. दोन्ही एकत्र मोजले की ते पाचशे हिशोबात दिसतच नाहीत. डीएनए तपासला तेव्हा मात्र बाल्टिकचा समूह वेगळा निघाला.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चीनच्या यांगत्से नदीत पाठीवर पर नसलेले पॉर्पॉइज राहतात. त्यांचे नातलग समुद्रात आहेत. समुद्रातल्या सस्तन प्राण्याच्या मूत्रपिंडाला पाणी वाचवायचं असतं आणि मीठ बाहेर टाकायचं असतं. गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं: पाणी मुबलक, क्षार मात्र जपून ठेवायचे. २०१८ मध्ये नदीतल्या आणि समुद्रातल्या प्राण्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा नैसर्गिक निवडीच्या खुणा नेमक्या मूत्रपिंडातला पाण्याचा तोल आणि युरियाचं चक्र सांभाळणाऱ्या जनुकांत सापडल्या. २०१७ च्या गणनेत हे नदीतले पॉर्पॉइज होते १,०१२. ते संपले तर समुद्रातून आणून सोडू, असं म्हणता येणार नाही. याच नदीतला बैजी डॉल्फिन २००६ च्या मोठ्या शोधमोहिमेत एकही दिसला नाही. त्याची जागा आजवर कोणी घेतलेली नाही.

म्हणून माझं मत: संरक्षणाचं एकक ‘जात’ नको, ‘स्थानिक समूह’ हवं. विरोधी मतं अवश्य मांडा.

चिकित्सक

यांगत्सेचं उदाहरण भक्कम आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच्या जोरावर तुम्ही बाल्टिकलाही त्याच रांगेत बसवलंत. वेगळेपण म्हणजे तिथल्या परिस्थितीशी जुळवणी नव्हे, आणि माझा सगळा आक्षेप इथेच आहे.

पोत्यातून मूठभर दाणे काढले, तर मुठीतल्या रंगांचं प्रमाण पोत्यासारखं नसतं. मुठीने काही निवडलेलं नसतं, तो निव्वळ योगायोग असतो. लहान समूहाच्या जनुकांत पिढ्यान्‌पिढ्या हेच होतं. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. फिनलंडच्या साइमा सरोवरातले सील हिमयुग ओसरताना, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी समुद्रापासून तुटले. १९८० च्या दशकात ते दोनशेच्याही खाली गेले होते. अशा समूहाचा डीएनए वेगळा दिसणारच! त्यातलं किती गोड्या पाण्याने घडवलं आणि किती नुसतं हरवलं, हे दाखवल्याशिवाय ‘स्थानिक जुळवणी’ हा शब्द वापरू नये.

आणखी एक. उत्तरेकडचे हत्ती सील एकोणिसाव्या शतकात चरबीसाठी मारून मारून काही डझनांवर आणले गेले. आज ते दोन लाखांच्या वर आहेत. जनुकीय विविधता मात्र अजून नावापुरतीच. म्हणजे डीएनएमधला प्रत्येक फरक जीवनमरणाचा नसतो.

निळाई

ड्रिफ्टचा मुद्दा रास्त आहे. बाल्टिकबद्दल मी ‘वेगळा निघाला’ एवढंच म्हटलं होतं, पण मांडणीतून त्याहून जास्त सूचित झालं, हे कबूल करते.

मग ड्रिफ्ट आणि निवड यांत फरक कसा करायचा? माझ्या मते सगळ्यात देखणा पुरावा बॉटलनोज डॉल्फिनचा आहे. यांचे खोल समुद्रात फिरणारे आणि किनाऱ्यालगत राहणारे असे दोन प्रकार असतात. अटलांटिकच्या दोन्ही बाजू आणि प्रशांत महासागराची पूर्व बाजू, अशा तीन ठिकाणी किनाऱ्याचे डॉल्फिन स्वतंत्रपणे घडले. २०२१ मध्ये त्यांचे जीनोम ताडून पाहिले, तेव्हा जीनोमच्या त्याच त्याच भागांवर निवड झालेली दिसली. ते तुकडे फार जुने आहेत आणि खोल समुद्रातल्या डॉल्फिनमध्ये आजही थोड्या प्रमाणात सांभाळलेले आहेत. किनारा मिळाला की ते वर येतात. तुमच्याच मुठीने तीन वेगळ्या ठिकाणी तेच दाणे उचलले, तर त्याला योगायोग म्हणाल?

चिकित्सक

नाही, तिथे ती निवडच. पण जरा पुढे जाऊन बघा. कामाचे तुकडे खोल समुद्रातल्या मोठ्या समूहात शिल्लक असतील, तर किनाऱ्याचा समूह पुन्हा घडू शकतो. म्हणजे तुमचा पुरावा तुमच्याच ‘बदली नाही’ या मताला थोडा छेद देतो.

निळाई

घडू शकतो, हजारो वर्षांत. हे प्राणी ज्यांत अडकून मरतात त्या मासेमारीच्या जाळ्यांना एवढी सवड नसते.

किनारपट्टी

तुम्ही दोघंही जनुकांतच अडकलात. या प्राण्यांत शिकवणुकीचा वाटा फार मोठा आहे. उत्तर प्रशांतातल्या ऑर्कांचे, म्हणजे ‘किलर व्हेल’चे, दोन समाज एकाच पाण्यात राहतात. एक मासे खातो, मुख्यतः चिनूक सामन हा मासा. दुसरा सील आणि डॉल्फिन मारून खातो. दोघांत सोयरीक होत नाही.

१९७० मध्ये व्हँकुव्हर बेटाजवळ सस्तनभक्षी ऑर्का पकडून बंदिस्त ठेवले होते. अडीच महिने त्यांनी माशांना तोंड लावलं नाही. त्यांतली एक मादी उपासमारीने मेली. त्यानंतर कुठे उरलेल्यांनी मासे खाल्ले. ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. मासे पचवायची ताकद त्यांच्या शरीरात होती, म्हणजे अडसर जनुकांचा नव्हता. “हे आपलं अन्न नव्हे” हे आईने आणि आजीने शिकवलेलं होतं. अशा समूहाचं वेगळेपण डीएनएमध्ये शोधणं म्हणजे चुकीचं दार ठोठावणं.

पाणकणीस

किनारपट्टी, घटना खरी आहे, निष्कर्ष अर्धा आहे. चार दिवस परका आहार पचणं वेगळं आणि हजारो वर्षं त्यावर वाढणं वेगळं. २०१६ मध्ये पाच ऑर्का समूहांचे जीनोम तपासले गेले. सस्तनभक्षींमध्ये मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या चयापचयाशी जोडलेल्या जनुकांवर निवडीच्या खुणा दिसल्या. नुसत्या मांसाहारात हे आम्ल भरपूर येतं. अंटार्क्टिकच्या थंड पाण्यातल्यांमध्ये चरबीच्या ऊतींशी संबंधित जनुकांवरही अशाच खुणा होत्या. सवय आधी, जनुकं मागून, असा तो क्रम दिसतो. आजीची शिकवण हीच नातवंडांची परिस्थिती बनते आणि निवड त्या परिस्थितीत चालते.

थोडं विषयांतर: ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे मध्ये काही डॉल्फिन तोंडावर स्पंज धरून समुद्रतळ उकरतात. हे आईकडून लेकीकडे जातं. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, डीएनएसुद्धा आईकडूनच जातो, त्यामुळे तिथे संस्कृती आणि जनुकखुणा हातात हात घालून फिरतात. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध नसताना तो दिसू शकतो. हा सापळा चिकित्सक यांच्या ड्रिफ्टइतकाच मोठा आहे.

वल्हव

मला हा सगळा वाद वाचून अस्वस्थ व्हायला होतं. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातला वाकिता पॉर्पॉइज. १९९७ मध्ये सुमारे ५७० होते, आता दहाच्या आसपास. कित्येक वर्षं लोक म्हणत आले की याच्यात जनुकीय विविधताच उरलेली नाही, हा जाणारच. २०२२ मध्ये जीनोम वाचल्यावर कळलं की तो लाखो वर्षांपासून कमी विविधतेवरच नीट जगत आलाय आणि घातक जनुकं बरीचशी गळून गेली आहेत. गिलजाळी, म्हणजे कल्ले अडकवून मासे पकडणारी जाळी, खरोखर थांबली तर तो सावरण्याची शक्यता चांगली आहे. त्याला मारलं ते टोटोआबा माशासाठी टाकलेल्या जाळ्यांनी, जनुकांनी नव्हे. स्थानिक जुळवणीची चर्चा हा कृती लांबवायचा बहाणा ठरतो, हे मी कळकळीने सांगतोय.

चिकित्सक

वल्हव यांच्या मुद्द्याला जोडून. निळाई, ‘स्थानिक समूह हेच एकक’ हा नियम कडक पाळला तर तो उलटतोही. मासे खाणाऱ्या ऑर्कांचा दक्षिणेकडचा समूह आता पंचाहत्तरच्या आसपास आहे. २०२३ च्या अभ्यासात दिसलं की आपसांतल्या प्रजननामुळे त्यांचं आयुष्य घटतंय. बाहेरचं रक्त आलं तर त्यांना फायदाच होईल. फ्लोरिडातल्या प्यूमांचं, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजरांचं, उदाहरण जमिनीवरचं आहे, पण शिकण्यासारखं आहे. १९९५ मध्ये ते वीस-तीसच उरले होते. तेव्हा टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि संख्या कित्येक पटींनी वाढली. ‘आमचे वेगळे आहेत’ म्हणत दार बंद ठेवलं असतं तर?

निळाई

तर ते संपले असते. इथे मी माझं मत बदलते: समूह वेगळा आहे म्हणून त्यात बाहेरचं रक्त कधीच येऊ नये, असं मी म्हणणार नाही. पण आठ माद्यांनी प्यूमांची जागा घेतली नाही, उरलेल्या वीस-तीसांना आधार दिला. आधी ते वीस-तीस जिवंत असावे लागले. शिवाय ऑर्कांमध्ये आठ माद्या आणून सोडायच्या तरी कशा? परक्या बोलीच्या, परक्या आहाराच्या मादीला तो कळप जवळ करेल का, हा किनारपट्टी यांचा मुद्दा इथे आडवा येतो.

वल्हव, बहाण्याबद्दल मात्र असहमत. जाळी कोणत्या पाण्यातून आधी काढायची, हे ठरवायला कोण कुठे वेगळं आहे ते माहीत असावं लागतं. बाल्टिकचे पाचशे तीन लाखांत मिसळून मोजले, तर तिथली जाळी काढायची घाई कुणालाच वाटणार नाही.

वल्हव

त्या घाईसाठी डीएनएचा दाखला लागतो, याचंच मला दुःख आहे. यांगत्सेत २०२१ पासून दहा वर्षांची मासेमारीबंदी आहे. २०२२ च्या गणनेत तुमचे तेच पॉर्पॉइज १,२४९ भरले.

निळाई

हो, आणि ते वाढले नदीतल्याच १,०१२ मधून. समुद्रातून एकही आणावा लागला नाही.